सिंहगडाकडे वळवलेला अँटेना

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, पासलीला माझ्या आईजवळ नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या घरी येत-जात नाही. उद्या तुमच्यापुढे चहाचा कप ठेवायची वेळ माझ्यावर येणार नाही. बघा—सुरुवातच भित्रेपणाने झाली.

गोष्ट आमच्या घरच्या इंटरनेटची आहे. हसू नका, मीही इतकी वर्षं हसूनच नेली.

दोन हजार सातच्या सुमारास मार्गासनीला आमच्या घरी बिनतारी फोन आला. डबा घरात, आणि छपरावर लोखंडी नळीला बांधलेला काड्याकाड्यांचा अँटेना—टीव्हीच्या अँटेनासारखाच, अंगाने जरा बारीक. फोनला वायर जोडली की अर्चनाच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट चालायचं. चालायचं म्हणजे, त्याची लहर लागली तर. अर्चना माझी धाकटी नणंद. भोरच्या कॉलेजात शिकलेली, टायपिंगला अशी चपळ की तिची बोटं बघताना माझेच डोळे दमायचे.

सुरुवातीचे काही महिने त्या फोनने आम्हाला नाचवलं. रेंज म्हणून नाही. डबा खिडकीत ठेवला, फडताळात ठेवला, तांदळाच्या कोठीवर ठेवला. बंद करून पुन्हा चालू केला. वायर बदलली. आत्याबाईंनी—म्हणजे माझ्या सासूबाईंनी—तर एका तिन्हीसांजेला त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. आणि खरी गंमत वर छपरावर होती. सासऱ्यांनी तो अँटेना सिंहगडाकडे तोंड करून बांधला होता. त्यांचं तरी काय चुकलं? आमच्या खोऱ्यात टीव्हीचे झाडून सगळे अँटेने सिंहगडाकडेच बघतात. चित्र तिथून येतं हे शेंबडं पोरही जाणतं. मग फोन वेगळा कुठून येणार?

मी एकदा वाळत घातलेले सांडगे काढायला वर गेले होते. अँटेनाच्या नळीला धक्का लागला, ती फिरली, आणि खालून किंकाळी आली.

"वैनी! हलू नका! आली, आली रेंज!"

फोनचा टॉवर वेल्ह्याच्या अंगाला होता. सिंहगडाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

त्या दिवसापासून ते काम माझं झालं. नळीचा पट्टा ढिला होता. वारा सुटला किंवा एखादं वानर उडी मारून गेलं की अँटेना भलतीकडे बघायला लागायचा. मग मी पदर खोचून शिडीने वर, अर्चना खाली खिडकीशी.

"आली का गं?"

"आली... गेली! माघारी घ्या वाईच. व्हय, तितंच!"

तुम्हाला ते छप्पर कसं सांगू? लग्न होऊन आल्यापासून मी हे घर आतूनच पाहिलं होतं—चूल, मोरी, माजघर. वर गेले की एकदम सगळं उघडं व्हायचं. भाताच्या खाचरांमधून नदी वळताना दिसायची, लांबवर तोरणा निळा-निळा बसलेला असायचा, आणि त्याच्या पल्याड कुठेतरी माझं माहेर. हातात गार नळी धरून मी उभी राहायचे. खाली अर्चना मला वाचून दाखवायची. कधी चित्र आलं की हाका मारून बोलावून घ्यायची. ते चित्र वरून खाली हळूहळू उतरायचं. आधी नुसतं आभाळ. मग कितीतरी वेळाने डोंगराचा माथा, मग झाडं, आणि सगळ्यात शेवटी पाणी. आम्ही दोघी गालाला गाल लावून वाट बघायचो की पाण्यात होडी आहे की नाही. त्या वाट बघण्यासारखं सुख मला त्या घरात दुसरं नव्हतं. तुम्हाला वाटेल, एवढ्यात कसलं सुख? पण ती घरात नसली की माझ्याशी दिवसभर कुणी कामापलीकडे एक शब्द बोलायचं नाही. नवरा शिरवळच्या कंपनीत, पाळीवर. अर्चना होती म्हणून मी त्या घरात कुणीतरी होते.

मी कुठे भरकटले? नाही—भरकटले नाही, मुद्दाम लांबण लावते आहे.

पुण्यातल्या एका कंपनीत टायपिंगच्या कामाला मुली घ्यायच्या होत्या. परीक्षा घरबसल्या, इंटरनेटवर. पास झाली की पुण्याला जायचं, वसतिगृहात राहायचं. अर्चनाने सासऱ्यांना आठवडाभर मस्का लावला. शेवटी ते म्हणाले, "एवढी एक दे. झालं तर जा. न्हाई झालं, तर तुळशीचं लगीन लागलं की तुझं बी बघतो. मग रडायचं न्हाई."

ती हो म्हणाली. हसत हसत म्हणाली, कारण ती पास होणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मला सगळ्यात जास्त. परीक्षा मधेच तुटली आणि ठरलेल्या वेळात पुन्हा जोडली नाही, तर संपली, असं कंपनीने बजावलं होतं. अर्चनाने माझे दोन्ही हात धरले. "वैनी, तुमी वर हुब्या ऱ्हावा. तुमी वर असला की मला भ्या वाटत न्हाई."

मी वर उभी राहिले.

सकाळची वेळ. खोऱ्यात धुकं भरलेलं, इतकं की नदी, खाचरं, रस्ता काहीच नव्हतं. मी, आमच्या टीव्हीचा अँटेना आणि फोनचा अँटेना, तेवढेच जगात. खाली तिची बोटं वाजत होती, पत्र्यावर बारीक सर पडावी तशी. अँटेना नीट वेल्ह्याकडे बघत होता. मला काहीच करायचं नव्हतं—नुसतं उभं राहायचं होतं. एवढंच काम होतं माझं, कळतंय ना?

आणि धुक्यात कुठेतरी एसटीचा हॉर्न वाजला. पुण्याला जाणारी असणार. मला दिसलं की अर्चना त्या गाडीत बसली आहे, आणि मी खाली माजघरात आहे, कॉम्प्युटरवर कापड टाकलेलं आहे, आणि आत्याबाई विचारताहेत—भाकरी झाल्या का? मी झोपेत असल्यासारखी होते, असं म्हणायला मला फार आवडेल. नव्हते. हात थंड होते आणि डोकं अगदी जागं होतं. मी नळी फिरवली. थोडी, मग आणखी थोडी. दोन्ही अँटेने एका रेषेत येईपर्यंत. सिंहगडाकडे. कुणी खालून मान वर करून बघितलं असतं, तरी ते त्याला सरळच दिसलं असतं.

खालची बोटं थांबली.

आणि याहून वाईट पुढे आहे. तिने हाक मारायच्या आधी मीच हाक मारली. "आली का गं?"

"न्हाई वैनी! गेली! फिरवा, लवकर फिरवा!"

"फिरवतेय की!" मी ओरडले. आणि खरंच फिरवत राहिले—सिंहगडाच्या अलीकडे, सिंहगडाच्या पलीकडे. तिचा आवाज आधी घाईचा होता, मग रडवेला झाला, मग आलाच नाही. तेव्हा मी नळी वेल्ह्याकडे केली. रेंज लगेच आली. पानावर लिहून आलं होतं की वेळ संपली.

तिने कंपनीला फोन केले. जागा भरल्या, म्हणाले. सासरे शब्दाला पक्के निघाले, हिवाळ्यातच तिचं लग्न सारोळ्याला झालं. हायवेला तिच्या सासरची खानावळ आहे. ती पहाटेपासून कणीक मळते. मधे एकदा गेले तर गिऱ्हाइकाची वाट बघत बसली होती, आणि तिची बोटं टेबलावर आपोआप काहीतरी टाईप करत होती. तिला ते ठाऊकही नव्हतं. मी चहा अर्धा टाकून उठले. तिने जाऊ नये म्हणून मी हे केलं, आणि ती गेलीच—जिथे जायचं नव्हतं तिथे. मला भीती होती तसंच घर मुकं झालं. पण ते माझं दुःख आहे, त्याचा इथे हिशोब नको.

तिच्या लग्नातलं एक सांगायचं राहिलं. पाठवणीच्या वेळी ती सगळ्यांना सोडून माझ्या गळ्यात पडली. आईच्याही आधी. कानाशी म्हणाली, "वैनी, तुमी लई केलं माझ्यासाठी. हात फुटंस्तोवर फिरवीत व्हता. वारंच तसलं, त्याला तुमी तरी काय करणार?"

त्या सकाळी वारा नव्हता. धुकंसुद्धा जागचं हललं नव्हतं. मी तिच्या मुंडावळ्या सरळ केल्या आणि म्हणाले, "व्हय गं. लई वारं व्हतं."