सख्ख्या भावांचं रक्त

रोह्याच्या प्रयोगशाळेत मी टेक्निशियन होतो. तेव्हाचे किस्से सांगायला बसलो की बायको न विचारता चहाचं दुसरं आधण ठेवते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचे पाटणकर सर क्षयाच्या जंतूंवर संशोधन करायचे. एकाच घरात वाढलेल्या दोन भावांपैकी एकाला क्षय होतो, दुसऱ्याला होत नाही, हे कशामुळे? जीनमुळे, असं सरांचं म्हणणं. ते सिद्ध करायला त्यांना सख्ख्या भावांचं रक्त हवं होतं. सर हुशार, पण माणसांशी बोलायची वेळ आली की हमखास घोळ घालायचे.

*

कासू गावाला त्यांनी निरोप धाडला, "गुरुवारी कल्चरसाठी येतोय, खोली तयार ठेवा." म्हणजे थुंकीचे नमुने घेऊन त्यातले जंतू वाढवायचे होते. आम्ही पोचलो तर शाळेत सतरंज्या अंथरलेल्या, पेटी-तबला मांडलेला, मुली नऊवारी नेसून तयार! सरपंचांनी सरांना नारळ दिला. सरांनी त्यांना थुंकीची डबी दिली.

*

पेणला सरांचं व्याख्यान झालं. प्रतिकारशक्ती म्हणजे शरीरातले पोलीस, असं त्यांनी समजावलं.

मागून एक आजोबा म्हणाले, "म्हंजे चोर गेल्यावर येनार."

पुढचं व्याख्यान कुणालाच ऐकू गेलं नाही.

*

खांब गावात एका घरातले सात सख्खे भाऊ रांगेत उभे राहिले. सर हरखून गेले. रिपोर्ट आले तेव्हा त्यातल्या कुठल्याच दोघांचे आईबाप जुळेनात. सर तणतणत पुन्हा त्या घरी गेले. घरातल्या म्हाताऱ्याने सगळं कबूल केलं. कुणी चुलत, कुणी मावस, एक तर शेजारचा.

"पन सायब, तुमी एवढं लांबून आलाव. चुलत कसं सांगायचं? वाईट दिसतं."

*

आणि हमरापूर. तिथे गणपती रंगवणारे दोन भाऊ होते. थोरला दामू धडधाकट, धाकटा नथू क्षयाच्या गोळ्या खाणारा. सरांना हवी तशीच जोडी. पण दामूची बायको काही रक्त घेऊ देईना. मुलीचं लग्न ठरत होतं. रोग रक्तातच आहे असं गावभर झालं, तर पोरीला करून कोण घेणार? मला तिचं म्हणणं पटत होतं. सर मात्र मला घेऊन पुन्हा गेले, आणि तेही नेमके पेणचे पाहुणे बैठकीला आलेले असताना. हातात सुई! त्यात नथूला खोकल्याची उबळ आली.

मुलाच्या वडिलांनी विचारलं, हे कोण?

नथू घाईघाईने म्हणाला, "मी चुलत. लांबचा."

मुलीची आई मान खाली घालून बसली. दामूने शर्टाची बाही वर सारली.

"सख्खा हाय माजा. एका आईचे आमी. घ्या सायब, रक्त घ्या."

मोडलं लग्न, असंच मला वाटलं. मुलाच्या वडिलांनी चहाची बशी खाली ठेवली आणि सरांच्या पेटीत डोकावून पाहिलं.

"आनखी एक सुई हाय काय, सायब?" बाही दुमडत ते म्हणाले. "असा भाऊ मला बी हाय."