हन्नाचं स्पेलिंग

आयझॅक चौलकर कुठलाही फॉर्म आधी रद्दी कागदावर पेन्सिलीने भरायचे. मग एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायचे आणि त्यानंतरच पेन उघडायचे. सौदीत अल खफजीला आमच्या प्लँटवर नवा मराठी माणूस आला, की त्याचं गाव विचारायच्या आधी ते पासपोर्टवरचं स्पेलिंग विचारत. आम्ही हसलो की म्हणायचे, "इथे आपण माणसं नाही जोशी, स्पेलिंगं आहोत."

ते अलिबागकडचे, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. अरबांना ते इसहाक, आम्हाला आयझॅकभाऊ. मी त्यांना ख्रिश्चन समजत होतो. शुक्रवारी संध्याकाळी ते कुणाकडे जात नसत, एवढंच काय ते वेगळं.

परदेशी माणसांच्या जागी सौदी घ्यायचे, त्या सौदीकरणाच्या यादीत त्यांची जागा तुर्की नावाच्या तरुणाकडे गेली. त्याला काम त्यांनीच शिकवलं होतं. फायनल एक्झिटची, म्हणजे देश कायमचा सोडायची, तारीख ठरली आणि त्याच महिन्यात गावी त्यांची आई वारली. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपायला थोडेच दिवस उरले होते आणि त्यांच्या बायकोचे, सारावहिनींचे, दिवस भरत आले होते, त्यामुळे जाता आलं नाही. मुलगी झाली ती अशक्त. तिला आजीचं नाव ठेवलं, हन्ना.

या नावासाठी त्यांनी चार-पाच कागद खरडले. शेवटी 'Hannah' पक्कं करून फॉर्म भरला. पण हॉस्पिटलच्या कारकुनाने अरबीवरून इंग्रजी केलं आणि जन्मदाखल्यावर 'Henna' आलं. म्हणजे मेंदी. दाखल्यावर एक आणि पासपोर्टच्या अर्जावर दुसरं, अशाने बाळाला पासपोर्ट मिळणार नव्हता आणि पासपोर्टशिवाय ती देशाबाहेर जाणार नव्हती. दुरुस्तीला महिना लागेल म्हणाले. हातात नऊ दिवस होते. भाऊ तीन दिवस सकाळी दुरुस्तीच्या खिडकीशी उभे राहिले. रोज एकच उत्तर मिळालं, "बुकरा." उद्या.

तुर्कीच्या कानावर हे गेलं. पोरगा भला होता. त्याचा मामा त्याच खात्यात होता; एका दिवसात करून देतो म्हणाला. आम्ही तिघे गाडीत बसलो. त्याने कागद गुडघ्यावर घेतला आणि सहज विचारलं, "मामाला नीट सांगायला हवं. तुमच्या लोकांत हे नाव मुळात कसं लिहितात?"

भाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी कागद हळूच त्याच्या हातातून काढून घेतला. "आहे तेच बरोबर आहे," ते म्हणाले. "चूक माझीच होती."

तुर्की उतरून गेल्यावर मी चिडलो. हातची संधी का घालवली, विचारलं.

"आम्ही बेने इस्राएल, जोशी. ज्यू. अकरा वर्षांत इथे कुणाला बोललो नाही. हे कळून त्याने काही केलं नसतंही. पण बाळ या देशात अडकलं असताना मी ते बघायला बसू?" मग त्यांनी कागदाची घडी घातली. "आईच्या मातीला गेलो नाही. आणि आता कागदावर तिची मेंदी करून टाकली."

पासपोर्टच्या अर्जावरचं नाव त्यांनी त्याच दुपारी बदलून 'Henna' केलं. या वेळी पेन्सिल घेतली नाही.

दम्मामच्या विमानतळावर मी त्यांना पोचवायला गेलो. काउंटरवरच्या माणसाने बाळाकडे बघून हसत नाव विचारलं. भाऊंनी स्वच्छ, मोठ्याने सांगितलं, "हेना." सारावहिनींनी बाळाला छातीशी धरलं आणि तोंड फिरवलं.