जानेफळच्या चावडीतलं ऑपरेशन

मी चिखलीची. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, म्हणून नर्सिंग शिकायला नागपूरला गेले आणि शिकून बुलढाण्याच्या दवाखान्यात लागले. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. त्या हिवाळ्यात आमचे डॉक्टरसाहेब जानेफळला जाऊन मोतीबिंदूची ऑपरेशनं करणार होते. हत्यारांच्या टेबलाशी नेहमी मोठ्या सिस्टर उभ्या राहायच्या, मी त्यांच्या हाताखाली. पण निघायच्या आदल्या दिवशी सिस्टरना सणकून ताप भरला. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "टेबल तुम्हाला सांभाळावं लागेल. जमेल ना?"

"जमेल," मी म्हणाले, आणि बाहेर येऊन व्हरांड्यात दोन येरझाऱ्या घातल्या. भीती होती, पण तिच्यापेक्षा आनंद मोठा होता.

लॉरीत, जंतू मरावेत म्हणून वाफवलेल्या ऑपरेशनच्या कपड्यांचे ड्रम मी सबंध रस्ता मांडीवर धरून बसले. जानेफळला पोचलो तर गावकऱ्यांनी आमच्यासाठी शाळेची खोली मोठ्या मायेनं तयार केलेली. पाहुणे यायचे म्हणून सकाळीच ताज्या शेणानं सारवलेली, वर रांगोळी. बायका दारात कौतुकाची वाट पाहत उभ्या होत्या. शेणाच्या जमिनीवर डोळा उघडायचा म्हणजे धनुर्वाताला आमंत्रण. मी त्यांना म्हटलं, "सारवलं लय झाक. पण इथं डोळा कापाचा हाय, आम्हाले दगडाची फरशी पाह्यजे." त्या रुसल्या नाहीत. त्यांनीच चावडी दाखवली, आणि त्यांनीच घागरीवर घागर उकळतं पाणी आणून फिनेलनं ती फरशी घासून काढली. खिडक्यांना आम्ही ओल्या चादरी लावल्या, रस्त्यावरची धूळ आत येऊ नये म्हणून.

पहिली रोगी एक म्हातारी होती. गावाबाहेर तिच्या मुलाचा भाजीचा मळा. दिसेनासं झालं तरी हातानं चाचपून ती वांगी तोडायची, आणि कवळं वांगं कधी तोडत नसे, असं मुलगा सांगत होता. मी तिला नीट विचारून घेतलं. कोणता डोळा, खोकला आहे का, तपकीर ओढते का.

"वढत होती," म्हातारी म्हणाली. "कालपासून सोडली. डबी त्याच्यापाशी देल्ली." मुलानं मान हलवली.

मी ब्रशनं कोपरापर्यंत हात घासले, लोशनमधून काढले आणि टेबल मांडलं. तेव्हा आम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला हातमोजे घालत नसू. धुतलेले हात हेच सगळं. ते छातीच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत, कशाला लागू द्यायचे नाहीत. बधिर करणारे थेंब घातले होते, तोंडावर कापड पसरलं होतं, कापडाच्या भोकातून तेवढा एक डोळा दिसत होता. साहेब हात पुढे करायचे आणि हवं ते हत्यार त्यांच्या तळव्यात आधीच असायचं. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

साहेबांनी बुबुळाच्या कडेनं छेद घेतला. आता मोती बाहेर यायचा. एवढ्यात नाकावरचं कापड थरथरलं. एकदा, मग पुन्हा.

"शिंक येऊन राह्यली वो पोरी," म्हातारी कापडाखालून म्हणाली.

उघड्या डोळ्यावर शिंक म्हणजे आतलं सगळं बाहेर. मी "साहेब, थांबा," म्हणाले आणि हात कापडाखाली घालून तिचा वरचा ओठ नाकापाशी घट्ट दाबून धरला. साहेबांनी पापण्या ताणून धरणारा चिमटा झटकन काढला आणि डोळा मिटू दिला. माझ्या बोटांखाली तो ओठ वर उचलला जात होता. "तोंडानं श्वास घ्या आजी. सावकाश." ओठ हळूहळू सैल पडला. शिंक आली तशी गेली.

मी हात बाहेर काढला आणि टेबलापासून मागे सरकले. "साहेब, माझे हात गेले. मला पुन्हा धुवावे लागतील."

साहेब स्वतःचे हात छातीशी धरून उभे राहिले. "धुवा. नीट धुवा, घाई करू नका."

आमच्याबरोबर आलेला कंपाउंडर पाणी ओतत होता आणि मी पहिल्या वेळेसारखीच घासत होते, नखं, बोटांच्या बेचक्या, मनगट. मागून म्हातारीचा आवाज, "काऊन थांबले सारे? निघाला का मोती?"

"निघून राह्यला आजी. हालू नका."

"मंग तो मलेच देजा हो."

साहेबांचे डोळे तोंडाला बांधलेल्या पट्टीच्या वर हसले. मी परत आले, ड्रममधलं नवं कापड जुन्यावर पसरलं आणि चिमटा त्यांच्या हातात दिला. थोड्याच वेळात मोती अखंड बाहेर आला, हरभऱ्याच्या दाण्याएवढा, गढूळ. म्हातारीनं सांगितल्याप्रमाणे तो बाटलीत घालून आम्ही मुलाच्या हवाली केला. मुलगा लाजून म्हणाला, "सकाळी तपकिरीची एक चिमूट मीच देल्ली होती. लय घाबरली होती ते." त्याला रागवायचं राहूनच गेलं.

रोग्यांना चावडीच्या ओसरीत खाटांवर उताणं निजवलं होतं, त्यांना कुशीवर वळू द्यायचं नव्हतं, म्हणून पट्ट्या निघेपर्यंत मी तिथंच राहिले. म्हातारीची पट्टी मी स्वतः सोडली. डोळा स्वच्छ होता, ना पू, ना लाली. तिनं पापणी उघडली, मिटली, पुन्हा उघडली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"तूच का ते, मले कुशीवर होऊ न देणारी?"

"हाव आजी."

"मले वाटलं चांगली थोराड बाई असन. तू तं येवढीशीच हायेस."

मुलगा हसता हसता डोळे पुसत होता. तिनं त्याला जवळ बोलावलं, त्याच्या बाहीला पडलेलं भोक पाहिलं आणि ते किती दिवसांपासून आहे म्हणून त्याला झापायला सुरुवात केली. उजेड लागू नये म्हणून मी हिरवी झापड तिच्या डोळ्यावर बांधली, तरी तिचं बोलणं चालूच होतं.