सेंटेन्स

"थांबा, या शब्दाच्या घरी जाऊन येऊ," असं म्हणून मास्तर पुस्तक मिटत आणि शब्दाचं मूळ सांगत बसत. आमच्या डहाणूच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत, मी शेजारच्या वर्गात गणित. तास संपला तरी त्यांचं परतणं होत नसे. मी दारात उभा राहून खोकायचो. "आलोच, उंबऱ्यापर्यंत पोचलोय," म्हणायचे.

मास्तरांच्या घरची चिकूची बाग होती. धाकटा भाऊ ती बघे, फार तापट. एका दुपारी, काम अर्धवट टाकलं म्हणून, त्याने जवळच्या कैनाड गावच्या मजुराच्या डोक्यात काठी घातली. मजूर जागीच गेला. पाहणारे एकटे आमचे मास्तर.

भावाचा वकील मास्तरांना म्हणाला, "मी तिथे नव्हतो, एवढंच सांगा." आईने हात धरले, "तुझा भाऊ आहे रे तो!"

ठाण्याच्या कोर्टात मास्तरांनी पाहिलं ते सांगितलं. मी सोबत होतो. निकाल इंग्रजीत. आईने त्यांनाच विचारलं, "काय म्हणाले साहेब?"

"सात वर्षं, आई."

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. गावातल्या बागायतदारांनीही पाठ फिरवली. ते स्टेशनजवळ खोली घेऊन राहू लागले.

पुढे वर्गात व्याकरण आलं. सेंटेन्स म्हणजे वाक्य. मागच्या बाकावरून कुणीतरी बोलून गेलं, "शिक्षा पण." भिंतीपलीकडे माझा खडू फळ्यावर थांबला.

"बरोबर," मास्तर म्हणाले. "चला याच्या घरी. घर लॅटिन. तिथे अर्थ होता, जाणवणं. जाणवलं त्याचं मत झालं. न्यायाधीशाचं मत, ती शिक्षा. आणि ज्यातून अर्थ पुरता कळतो, ते वाक्य." मग हळू आवाजात, "आधी जाणवणं, मुलांनो. शिक्षा नंतरची."

दर महिन्याला ते ठाण्याच्या तुरुंगात भावाच्या भेटीला जात. तो भेटायला बाहेर यायचा नाही. हे तसेच परत येत. वर्ष उलटल्यावर एकदा तो आला.

"काय बोलला?" मी विचारलं.

"रडला. मग म्हणाला, दादा, आई कशी आहे?"

पुढे मास्तरांनी ठाण्याच्याच शाळेत नोकरी धरली. निरोपाला स्टेशनवर मी एकटाच होतो. गाडी लागली, तेवढ्यात त्यांची आई आली. चिकूंची टोपली त्यांच्या पायाशी ठेवली. वर न बघता म्हणाली, "त्याला दे."

गाडी हलली. तशी ती खिडकीला धरून चार पावलं चालली.

"अर्धे तू खा," म्हणाली.

मास्तर डहाणूला पुन्हा आले नाहीत.