मी सरकवलेली शिळा

किनवट तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी मराठी शिकवते. माहेर लातूरकडचं, घर नांदेडला. आठवडाभर शाळेच्या क्वार्टरमध्ये राहते आणि शनिवारी घर गाठते. शनिवारचा शेवटचा तास गोष्टीचा, कारण त्या वेळी पोरींचं आणि माझं, कुणाचंच लक्ष अभ्यासात नसतं.

माझा साठा संपला तसं मी मोबाइलवर शोधायला लागले. तिथं नॉर्स लोकांच्या, म्हणजे युरोपच्या पार उत्तरेकडच्या जुन्या देवांच्या गोष्टी सापडल्या. त्यातली एक अशी. एका कपटी देवाला बाकीचे देव शिक्षा म्हणून गुहेत दगडाला बांधतात. डोक्यावर साप टांगतात, त्याच्या तोंडातून विष ठिबकतं. देवाची बायको ते वाडग्यात झेलत उभी असते. वाडगं भरलं की ती ओतायला जाते, तेवढ्यात थेंब त्याच्या तोंडावर पडतो, तो तडफडतो आणि जमीन हादरते. लातूरचा भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी होते. नंतर कितीतरी दिवस आम्ही अंगणातच निजायचो. त्यामुळे ही गोष्ट मी वर्गात जरा रंगवूनच सांगितली.

सातवीतल्या एका गोंड मुलीनं विचारलं, "मॅडम, ह्यांचा परधान कोण?"

परधान म्हणजे गोंडांच्या कुळांच्या कथा गाणारा. घराण्याघराण्याचा ठरलेला असतो. ती कथा त्यानंच सांगायची.

"परधान कशाला? मला मोबाइलनं सांगितली."

"मंग तुम्ही त्याला काय दिलं? आमच्यात धान्य देतात."

"रिचार्ज दिलं," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या, मीही हसले.

जानेवारीत नांदेडला कथाकथनाची स्पर्धा होती. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, आदिवासी कथा पाठवा, नंबर नक्की." मी त्याच मुलीला बोलावलं.

"मला अर्धीच येती मॅडम. देव गुहेत कोंडले, तोंडावर शिळा लावली, तिथवर. पुढं मला झोप लागली."

"घरी विचारून ये."

"घरचे न्हाई सांगत. परधान बाबा सांगतात. दिवाळीला येतात."

"स्पर्धा बुधवारी आहे."

अर्धवट काम मला चालत नाही. त्याच संध्याकाळी मी उरलेली गोष्ट लिहून टाकली. गुहेच्या छतातून विष ठिबकतं, एक म्हातारी वाडगं धरून देवांना वाचवते, वाडगं ओतायला जाते, जमीन हादरते, शिळा सरकते, देव बाहेर येतात. दोन पानं झाली. मुलीनं वाचली आणि म्हणाली, "असं न्हाई मॅडम."

"मग कसं?"

"ते ठाव न्हाई. पण असं न्हाई."

"ठाऊक नाही ना? मग पाठ कर."

हे मी तिला म्हणाले. आवाजही चढवला नव्हता.

पहिला नंबर आला. शाळेच्या वार्षिकांकात 'गोंडी लोककथा' म्हणून ती छापून आली. वर तिचं नाव, खाली मार्गदर्शक म्हणून माझं. मी त्या पानाचा फोटो स्टेटसला ठेवला. पाचवीच्या पोरी व्हरांड्यात वाटी घेऊन म्हातारी-म्हातारी खेळायला लागल्या, त्याचंही मला कौतुक वाटलं.

पुढच्या दिवाळीच्या सुटीत सगळ्या मुली घरी गेल्या. ही एकटी वसतिगृहातच थांबली.

"ते गोष्ट छापलेलं पुस्तक गुड्यावर गेलंय मॅडम," ती म्हणाली. गुडा म्हणजे त्यांची वस्ती. "परधान बाबा येतील. सगळ्यांसमोर विचारतील, हे कुठून आणलं म्हणून. मी न्हाई जात."

मग मीच तिला घेऊन गेले. माझी चूक सांगायची, पोरीला मोकळं करायचं आणि दुपारच्या जीपनं परतायचं, असा माझा हिशेब.

म्हातारा परधान तिच्या घरच्या अंगणात बाजेवर बसला होता. शेजारी कापडात गुंडाळलेली किंगरी, गजानं वाजवायचं त्यांचं वाद्य. माणसं भोवती बसलेली. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "बाबा, पोरीची चूक नाही. लिहिलं मी."

"बसा बाई. काय लिहिलं ते सांगा तर."

सांगावं लागलं. दर वाक्याला तो "हं" म्हणायचा, त्याच्यामागून बाकीचेही. त्यांच्यात "हं" आल्याशिवाय सांगणारा पुढं जात नाही. देव कोंडले. हं. शिळा लावली. हं. मग म्हातारी वाडगं घेऊन आली, आणि "हं" आलं नाही. मी थांबले. शेवटी उरलेलं सगळं मी एकटीनं सांगून संपवलं. वर्गात पाच मिनिटं लागतात, तिथं संपता संपेना.

"बाई, शिळा आमच्या बापजाद्यानं सरकवली," तो म्हणाला. "किंगरी वाजवून. देवांना जोर आला, त्यांनी शिळा लोटली, आन् तो तिच्याखाली सापडून मेला. म्हणून हे लोक मला बाज टाकतात. तुम्ही त्यालाच काढलं. वाडगं कुठलं हे?"

"लांबच्या लोकांचं. बर्फाच्या मुलखातलं. तिथं एक बायको नवऱ्याच्या तोंडावर ठिबकणारं विष त्यात झेलते."

"मंग तिकडं त्या माणसाच्या तोंडावर इख पडून राहिलं असल. वाडगं तर तुम्ही इकडं आणलं."

लोक हसले. मला हसता आलं नाही.

लोककथा का सांगतात, यावर मी कित्येक वर्षं एकच उत्तर लिहून देत आले: मनोरंजन आणि बोध. दोन गुण. इथं एका माणसाची बसायची जागा त्या गोष्टीवर होती आणि ती मी एका संध्याकाळी खोडली होती. त्या उत्तरेकडच्या लोकांनाही ती बायको कशासाठी तरी लागत असेल. मी विचार केला नव्हता. भूकंप आहे, आपल्या कामाचा आहे, म्हणून उचलली.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"ते झालं," म्हातारा म्हणाला. मग मुलीकडं वळला, "तुला झोप लागली व्हती ना? ह्या बारीला जागी बस." ती त्याच्या बाजेपाशी जाऊन बसली. मला कुणी थांबा म्हणालं नाही. मी जीप पकडली.

शाळा उघडल्यावर वर्गात सांगितलं, की वाडग्याचा भाग माझा, खोटा. पाचवीतली एक म्हणाली, "पण मॅडम, तेच चांगलं हाय." मुख्याध्यापकांना म्हटलं, पुढच्या अंकात दुरुस्ती छापू. ते म्हणाले, "बक्षीस परत मागतील मॅडम. राहू द्या." मी राहू दिलं. वाटीचा खेळ अजून चालतो.

शिळा कशी सरकली एवढं मी नंतर म्हाताऱ्याची परवानगी घेऊन इथं लिहिलं आहे. पुढचं मला माहीत नाही. त्या मुलीला माहीत आहे. दिवाळीनंतर एकदा मी तिला सहज विचारलं, "बाहेर आल्यावर देवांचं काय झालं गं?"

तिनं माझ्या हातातल्या पेनाकडं पाहिलं.

"न्हाई सांगत मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही लिहून काढाल."