मिक्सरमधला माणूस

माणसाचा माणसावरचा विश्वास हा संस्कृतीचा पाया आहे, असं मी समारंभांत बोलत आलो आहे. आमच्या पावाच्या कारखान्यात हे विश्वासाचं काम एक पितळी चावी करते. दर रविवारी गणपतभाऊ मैदा मळायच्या अजस्र मिक्सरमध्ये उतरतात आणि पात्यांना चिकटून वाळलेलं पीठ खरवडतात. उतरण्याआधी मेन स्विचला कुलूप लावून चावी स्वतःच्या खिशात ठेवतात. आत माणूस असताना कुणी यंत्र सुरू करू नये, म्हणून ही पद्धत.

काल आत उतरण्याआधी ते खिसा चाचपताना दिसले आणि माझ्या ड्रॉवरमधली त्याच कुलपाची दुसरी चावी मला टोचू लागली. काम अडू नये म्हणून, सुपरवायझर या नात्याने, मीच ती गुपचूप करवून घेतली होती. भाऊ निर्धास्त खरवडत होते. ते बाहेर येईपर्यंत मी ड्रॉवरवर हात ठेवून बसलो.

मग चावी त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगून टाकलं. "भाऊ, चुकलं माझं."

त्यांनी अंगावरचा मैदा झटकला.

"तुम्ही निदान दिलीत तरी, साहेब. तिसरी मालकांकडं आहे."