ज्या हातचं खाल्लं

हात भाजला त्या उन्हाळ्यात मी कानबाईशी बोलणं सोडलं होतं. कानबाई ही आम्हा खानदेशातल्या घरांची देवी. श्रावणात ती नारळाच्या रूपाने घरी येते, एक दिवस पाहुणचार घेते आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर जाते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तिचा नैवेद्य मीच रांधत आले, म्हणून माझा राग जरा जास्तच. दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या, कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेल्या उजव्या हाताकडे बघत मी मनातल्या मनात तिला म्हटलं, "तुझ्यासाठी रांधणाराच हात तुला सापडला का गं? यंदा माझ्या दारात येऊ नकोस."

अक्कलकुव्याजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात मी भाकरी करते. गुजरातेत जाणाऱ्या-येणाऱ्या ट्रक, जीपगाड्या, एस.टी. तिथे थांबतात. लोक शेवभाजी मागवतात, सोबत दादर ज्वारीची गरम भाकरी. खाऊन, हात धुऊन, पुढच्या रस्त्याला लागतात. भटारखान्याची भिंत मध्ये असल्यामुळे त्यांना मी दिसत नाही आणि मला ते दिसत नाहीत. फक्त हाक ऐकू येते, "मावशी, अजून एक!" त्या हाकेवर माझी बरीच वर्षं मजेत गेली. मग एक दिवस तेलाची कढई उतरवताना फडकं निसटलं. शेठनी स्वतःच्या गाडीत घालून मला नंदुरबारला आणलं, हे त्यांचे उपकारच. पण हॉटेल बंद ठेवून चालत नाही. त्यांनी दुसरी बाई लावली, आणि त्यात मला त्यांची चूक वाटली नाही. डॉक्टर म्हणाले होते की जखम भरेल, पण कातडी आखडली तर बोटं नीट वळतीलच असं सांगता येत नाही. भाकरी करणाऱ्या बाईची बोटं वळली नाहीत तर तिने करायचं काय? आणि ज्यांनी मला कधी पाहिलंच नाही, ते माझी आठवण तरी कशाला काढतील?

देवीला मी असं तोडून बोलले त्याच दुपारी ती बाई आली. आमचे हे टेम्पो चालवतात. ते भाडं घेऊन तळोद्याला गेले होते. डाव्या हाताने जेवण जमत नव्हतं आणि कुणाकडून भरवून घ्यायची लाज वाटत होती, म्हणून ताट तसंच पडून होतं. खाकी कपड्यांतली, ठसठशीत कुंकू लावलेली, सावळी, उंच बाई सरळ माझ्या खाटेपाशी आली आणि पिशवीतून डबा काढून बसली.

"उठ वो माय, दोन घास खाई ले."

"तुम्ही कोन?" मी विचारलं.

"तू माले वळखत नही. मी एस.टी.म्हा कंडक्टर शे, धडगावनी. तुन्ही भाकर मी बहू येळा खायेल शे. हॉटेलवर गऊ, तं भाकर येगळी लागनी. इचारं, तवय समजनं."

भाकरी वेगळी लागली म्हणून कुणी माझी चौकशी केली, हे मला खरंच वाटेना. मी नको नको म्हणत होते, पण तिने घास कालवून माझ्या तोंडाशी धरला. इतक्या वर्षांत मी हजारोंना जेवू घातलं असेल. मला कुणी भरवल्याची आठवण मात्र लहानपणानंतरची नव्हती. मी तोंड उघडलं. खिचडी होती, वर थोडं तेल आणि भाजलेली मिरची. नाव विचारलं तर म्हणाली, "मोगी." सातपुड्यातली माणसं ज्या देवीला मानतात, तिचंच ते नाव. ज्या देवीला मी येऊ नकोस म्हटलं होतं, ती जणू डोंगराच्या वाटेने दुसरं नाव घेऊन आत शिरली असं मला वाटलं. ते खरं की माझ्या मनाचा खेळ, हे मी कुणाला पटवायला जाणार नाही.

मोगीताई एकटी नव्हती. अक्कलकुव्यापासून नंदुरबारपर्यंतच्या रस्त्यावरची काही माणसं मिळून एक लहानसं मंडळ चालवतात, हे मला तिच्याकडून कळलं. कुणी वेटर, कुणी आचारी, आणि बाकीचे नुसते खाणारे: ट्रकवाले, शाळेतले सर, दवाखान्यातल्या सिस्टर, तापीकाठचे केळीवाले. हॉटेलात राबणारं माणूस आजारी पडलं, भाजलं, काम सुटून बसलं, की हे त्याच्या घरी पोचतात. ज्याला जे जमेल ते तो करतो. माझ्या घरी तांदूळ-डाळ आली. पट्टी बदलायला जायचं असलं की एस.टी.त पुढची जागा माझ्यासाठी राखलेली असे. त्या गाडीत माझा हात इतका प्रसिद्ध झाला की बायका चढल्याबरोबर विचारत, "दखाड बरं, कसा शे आते?" कुणी कोरफड लाव म्हणे, कुणी मध लाव म्हणे, आणि एक म्हातारे बाबा दर वेळी नवंच औषध सांगत. मोगीताई तिकिटं फाडता फाडता ओरडे, "बाबा, डॉक्टर शे ना तिले! तुम्ही सुटा पैसा काढा!" सगळी गाडी हसे. दुखणं घेऊन निघालेली मी हसत हसत दवाखान्यात उतरायची.

एकदा परतीच्या वाटेवर मी तिला कारण विचारलंच, "ताई, तुम्ही काब्र करतस हाई सर्व? ना नातं, ना गोतं."

तिने सांगितलं, की नोकरी नवी होती आणि मोठा मुलगा पोटात होता, तेव्हा घाटात दरड कोसळून त्यांची गाडी अडकली. तळोद्याला पोचेपर्यंत हॉटेलातल्या चुली विझल्या होत्या. भुकेने तिला भोवळ येत होती. एका हॉटेलातली म्हातारी स्वयंपाकीण घरी निघाली होती. हिला पाहून ती परत फिरली, चूल पेटवली आणि भाकरी थापून दिली. पुढे तीच म्हातारी अंथरुणाला खिळली, तेव्हा मोगीताई तिला शोधत तिच्या घरी गेली. मंडळाची सुरुवात तिथूनच झाली.

"मंग? ती आजी?" मी धसकून विचारलं.

"शे ना! पोरकडे ऱ्हास. आजबी भेटनी का पहिले इचारस, जेवनी का वो?" मोगीताई खळखळून हसली. मग म्हणाली, "आपन रोज कोना तरी हातनं खातस. त्या हातले काय व्हयनं, हाई इचारानं नही का?"

इतकंच होतं तिचं उत्तर. मंडळातल्या इतरांनाही मी पुढे विचारून पाहिलं. गावोगाव बदल्या झालेले एक सर म्हणाले, बायको-मुलं लांब असताना मला हॉटेलवाल्यांनीच जगवलं. एका ट्रकवाल्या भाऊंना तर हा प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, "मावशी, तुमच्या हातचं खाल्लंय ना." जणू त्यापुढे सांगण्यासारखं काही उरतच नाही. भिंतीपलीकडून मी ज्यांना फक्त हाक म्हणून ओळखत होते, ती ही माणसं. घास पोटात गेला की तो विसरला जातो, असा माझा समज होता. तो किती खोटा होता, हे मला हात भाजल्यावर कळलं.

जखम भरली, पण बोटं ताठच राहिली. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, "काम काय करता?" मी सांगितलं, तशा त्या खूश होऊन म्हणाल्या, "मग वेगळा व्यायाम कशाला? रोज कणीक मळा." पहिल्या दिवशी परातीत हात घातला आणि डोळ्यांतून पाणी आलं. ह्यांनी माझ्यासमोर बसून दुसरी परात घेतली, मला सोबत म्हणून. त्यांच्या कणकेचं जे काही झालं ते पाहून गाईनेही तोंड फिरवलं असतं. पण रोज मळता मळता माझी बोटं हळूहळू आत वळायला लागली. आणि एका सकाळी कणकेत हात असतानाच माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "कानबाई, ये गं."

श्रावणात कानबाई आमच्याच घरी बसवायची ठरली. दीर, जावा, पुतणे सगळे गावाहून आले. केळीच्या खांबांचा मांडव उभा राहिला, नारळाला नथ घातली, कुंकू लावलं, आणि चौरंगावर बाई हसायला लागली. जावांबरोबर मीही रोटांचं, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचं, पीठ मळलं. जोर कमी पडला तिथे त्यांनी लावला. दुपारी नैवेद्य दाखवून झाला आणि मोगीताई मंडळातल्या दोघा-तिघांना घेऊन दर्शनाला आली. पानं मांडलेली होती, आणि मी घुटमळले. कारण आमच्याकडे हे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात. बाहेरच्याला त्यातला तुकडाही देत नाहीत. मोगीताईला ते माहीत होतं. ती हात जोडून मागे सरली.

"रोट तं भाऊबंदना ऱ्हातस. आमी परसादना गूळ खाई लेसूत."

माझे थोरले दीर, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, ते रीतीभातीचे फार कडक. ते पाटावरून उठले. नानांनी आपल्या शेजारी आणखी पाट मांडले आणि म्हणाले,

"हाई बाई खाटवर पडेल व्हती, तवय आमी पेरणीनी तयारीम्हा व्हतूत. तुम्ही मदतले धावी उनात. मंग भाऊबंद कोन? बठ माय, पाटवर बठ."

मोगीताई बसली, सोबतचेही बसले. मी माझ्या हाताने तिच्या पानावर रोट वाढला, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी वाढली, खीर वाढली. ती एकेक घास डोळे मिटून खात होती, आणि मला राहून राहून वाटत होतं की चौरंगावरची आणि पाटावरची, दोघीही एकाच वेळी जेवताहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईला नदीवर न्यायला निघालो. बँड पुढे, चौरंग डोक्यावर घेतलेल्या बायका मागे. पुलापाशी पोचतो तर समोरून एस.टी. आली आणि कडेला थांबली. ड्रायव्हर दादांनी मोठ्याने हॉर्न वाजवला, खिडक्यांतून हात जोडले गेले, आणि दारातून खाकी कपड्यांतली मोगीताई उडी मारून उतरली. "चाल, एक फुगडी!" तिने हात पुढे केले. मी माझा उजवा हात पाठीमागे लपवला. घट्ट धरायची ताकद त्यात अजून नव्हती. सुटला तर दोघी पडू. ती म्हणाली, "तू नको धरू. मी धरस." आणि तिने माझं मनगट पकडलं.

फुगडीत अंग मागे सोडून द्यावं लागतं. स्वतःला सावरून धरलं तर ती फिरतच नाही. मी डोळे मिटले आणि सगळा भार तिच्या हातांवर सोडला. बँड, हॉर्न, बायकांचं हसणं, सगळं माझ्याभोवती गरगर फिरत राहिलं. मी पडले नाही.

आता मी पुन्हा हॉटेलात भाकरी करते. नव्या बाईला शेठनी काढलं नाही, आम्ही दोघी मिळून करतो. आयुष्यभर मला वाटत होतं की देवीला हात द्यायचे ते राबण्यासाठी. कधीकधी तेच हात रिकामे करून तिच्या हातात सोडून द्यायचे असतात, एवढं तिने मला शिकवलं. आणि शिकवताना ती किती माणसांच्या रूपाने आली, त्या सगळ्यांना माझा नमस्कार.